टाकीतली मरतूक

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा मेला की घरातला माणूस दोन प्रश्न विचारतो: कुठला रोग आणि कुठलं औषध? बहुतेक वेळा दोन्ही प्रश्न निरुपयोगी ठरतात. मासा ज्या कारणाने मेला ते माशात नसतं, पाण्यात असतं. आणि औषधाची बाटली उघडली की तो पुरावाही नाहीसा होतो. मग दुकानदार सांगतो, ‘खाऱ्या पाण्याचे मासे नाजूकच असतात हो.’ घरचे सांगतात, नजर लागली. या दोन निदानांमध्ये मला फारसा फरक दिसत नाही.

हा विषय नीट समजून घ्यायचा तर एक टाकी डोळ्यांसमोर हवी. ती मी गागोदे बुद्रुकमध्ये मांडतो, कागदावर. पेण आणि रोह्याच्या मधलं हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. विनोबा भाव्यांचा जन्म इथला, ११ सप्टेंबर १८९५चा, आणि गावाची बाहेर ओळख आहे ती त्यामुळेच. विनोबांच्या गावात हौसेखातर मासे कोंडून ठेवावेत का, हा प्रश्न रास्त आहे. तो तूर्त बाजूला ठेवू. गाव मुद्दाम निवडलं, कारण मत्स्यालयाच्या पुस्तकांतल्या टाक्या फ्लोरिडात नाही तर जर्मनीत असतात. तिथे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवत नाहीत, रात्री डासांची कॉइल लावत नाहीत, नळाला ग्रामपंचायतीची जंतुनाशक टीसीएल पावडर येत नाही आणि पहिल्या वळवाला वीज जात नाही. आपल्याकडच्या टाकीतले संशयित वेगळे आहेत. ते पुस्तकात सापडत नाहीत म्हणूनच मरण ‘अनाकलनीय’ वाटतं.

तर टाकी दोनशे लिटरची. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत पस्तीस भाग क्षार असतात, म्हणजे हिच्यात सात किलो मीठ आलं. मासे चार: क्लाउनची जोडी, एक निळा डॅमसेल आणि सर्वांत मोठा, पिवळा फॉक्सफेस. सोबत लाल पट्ट्याची एक क्लीनर कोळंबी आणि पाच-सहा गोगलगायी. या गोगलगायींकडे लक्ष असू द्या. पुढे त्यांची साक्ष लागणार आहे.

पहिला घोळ मिठापासूनच होतो. पेणच्या बाजूला मिठागरांची परंपरा आहे, तेव्हा दहा रुपयांचं खडा मीठ असताना हजारोंचं परदेशी साल्ट मिक्स कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मिठागरात पाणी आटतं तसे क्षार एकदम पडत नाहीत. कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसतो, मग मीठ पडतं, आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडवट पाण्यात जातं. हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्या पाण्याचा खारेपणा मोजला तर बरोबर भरतो, पण सामू (पीएच) धरून ठेवणारे क्षार त्यात नसतात. धरमतरच्या खाडीचं पाणी आणावं तर ते गढूळ, आणि पावसाळ्यात अंबा नदीच्या लोंढ्याने इतकं गोडं होतं की समुद्राचं म्हणवतही नाही. खाडीतल्या जिताडा माशाला ते चालतं. क्लाउनला नाही.

जिताड्याचा विषय आलाच आहे तर जरा थांबू. पेण-अलिबागच्या खारेपाटात भातशेतीला खारं पाणी लागू नये म्हणून बांध घातलेले आहेत, आणि त्या शेतांशेजारच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्लं आणून तळ्यात सोडायची, बारीक मासळी खायला घालायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. या भागात साहेबाकडे अडलेलं काम जिताडा घेऊन गेल्यावर सुटतं, असं चेष्टेने म्हणतात. तळं राखणारा माणूस शास्त्र शिकलेला नसेल, पण उन्हाळ्यात आणि मळभाच्या दिवसांत पहाटे तळ्यावर एक फेरी मारायची हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मासे वर येऊन तोंड मारताना दिसले की नवं पाणी घ्यायचं, नाहीतर काठ्यांनी पाणी बडवायचं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ माशांबरोबरीने प्राणवायू ओढतं. पातळी सर्वांत खाली जाते ती उजाडण्याच्या थोडी आधी. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेल्या माशांचे खच दिसतात, त्याचीही उकल हीच. पिंड, पीठ, फुलं पाण्यात कुजतात आणि जिवाणू त्यांच्यासाठी प्राणवायू खाऊन टाकतात. त्या तलावात विष कोणी घातलेलं नसतं.

घरच्या टाकीत हे सगळं अधिक वेगाने घडतं. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पारा ३० वर गेला की तोही सव्वासहापर्यंत उतरतो. म्हणजे आपल्या दोनशे लिटरच्या टाकीत कोणत्याही क्षणी मोजून सव्वा-दीड ग्रॅम प्राणवायू आहे. तेवढ्यावर चार मासे, कोळंबी, गोगलगायी आणि खडकाच्या छिद्रांतले अब्जावधी जिवाणू जगतात. वरचं पाणी ढवळणारा पंप चालू आहे तोवर भागतं. रात्री दोनला वीज गेली, सकाळी सहाला आली, घरातले सगळे झोपेत. उठल्यावर दिवे लागलेले, पंप सुरू, पाणी स्वच्छ आणि फॉक्सफेस तळाला. गूढ वाटेल नाहीतर काय? पण अशा मरणाची खूण असते. मोठा मासा आधी जातो, कारण त्याची गरज मोठी. मेलेल्याचं तोंड अनेकदा उघडं आणि कल्ले फाकलेले असतात. गोगलगायी काचेवर पाण्याच्या कडेपर्यंत चढून आलेल्या असतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा काळात कुठल्याही रोगापेक्षा बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप जवळ नसणं जास्त घातक.

आता दुसरी सकाळ कल्पू. वीज गेलेली नाही. फॉक्सफेस धडधाकट आहे, मासे सगळे जेवताहेत. मेली आहे ती एकटी कोळंबी, आणि दोन गोगलगायी उलट्या पडल्या आहेत. इथे संशय तांब्यावर जायला हवा. तांबं हे माशांच्या परजीवींवरचं जुनं औषध. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखलं तर मासे सोसतात आणि परजीवी मरतात, पण कोळंबी आणि गोगलगायीला त्याच्या अंशानेही धोका. टाकीत औषध तर घातलेलं नाही, मग तांबं आलं कुठून? स्वयंपाकघरातून. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे ०.१८ मिलिग्रॅमच्या जवळपास तांबं सापडलं. पिणाऱ्या माणसाला ते चांगलंच, कारण जंतू मरतात आणि मर्यादा दोन मिलिग्रॅमची आहे. पण हाच आकडा माशांच्या औषधाच्या मात्रेशी तंतोतंत जुळतो.

आता हिशेब करा. एप्रिल-मेमध्ये अशा टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं, आठवड्याला चौदा. ते रोज हंड्यातल्या पाण्याने भरून काढलं तर दर आठवड्याला अडीच मिलिग्रॅम तांबं टाकीत शिरतं. पाणी उडतं, तांबं उडत नाही. बारा आठवड्यांनी दोनशे लिटरमध्ये लिटरमागे दीड दशांश मिलिग्रॅमपर्यंत मजल जाते. काही भाग खडक आणि वाळू शोषून घेतात खरं, पण कोळंबीला इतकं लागतही नाही. आणि ती मरते गणपती बसवल्यावर नव्हे की लक्ष्मीपूजनाला नव्हे, तर कुठल्याशा निनावी मंगळवारी, जेव्हा घरात नवीन काहीच घडलेलं नसतं. विष हळू साठलं की त्याला तारीख नसते. मला विचाराल तर ‘कारण कळलं नाही’ या सदरातली निम्मी प्रकरणं अशी तारीख नसलेली असतात.

मिठाचंही तसंच. पाणी उडालं की मीठ मागे राहतं. आठवडाभर भर घातली नाही तर पस्तीसचे साडेसदतीस होतात. आणि एखादा भाबडा हौशी उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारंच पाणी ओतत राहिला तर टाकीचं हळूहळू मिठागर होतं. स्वस्त हायड्रोमीटरच्या हलत्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो आहे त्यापेक्षा जास्त खारेपणा दाखवतो. माणूस घाबरून गोडं पाणी ओततो. मासा मरतो तो त्या दुरुस्तीने.

तिसरी सकाळ सर्वांत फसवी. मासे मेले, कोळंबी मेली, गोगलगायी मात्र काचेवर निवांत चरताहेत. तांबं असतं तर त्या आधी गेल्या असत्या. प्राणवायू संपला असता तर त्या वर चढून बसल्या असत्या. मासा आणि कोळंबी मारून गोगलगायीला सोडून देणारं विष घरोघरी असतं: डास मारायचं औषध. कॉइल, भिंतीत खोचायची लिक्विडची कुपी, फवारा या सगळ्यांत पायरेथ्रॉइड कुळातली रसायनं असतात. माणसाला आणि मृदुकाय प्राण्यांना ती तुलनेने सौम्य, कीटक आणि कवचधारी जिवांना जहाल, आणि माशांना जवळपास तितकीच. ट्रान्सफ्लुथ्रिनच्या बाबतीत लिटरमागे मायक्रोग्रॅमभरही संवेदनशील माशांना पुरतं. दोनशे लिटरच्या टाकीत ते एक मिलिग्रॅमचा पाचवा भाग झालं. कुपीतून एका रात्रीत खोलीच्या हवेत याच्या कितीतरी पट औषध जातं. आणि एअर पंप काय करतो? ती हवा ओढून, बारीक बुडबुडे करून रात्रभर पाण्यात विरघळवत राहतो. मासे जगावेत म्हणून लावलेलं यंत्र त्यांना विष पाजत असतं. पंप खिडकीबाहेरच्या हवेशी जोडणं, निदान टाकीच्या खोलीत कॉइल न लावणं, इतकाच यावर उपाय आहे. कोकणात डासांपुढे तो सोपा नाही, हे कबूल.

हवेतून येणाऱ्या विषाची यादी आपल्याकडे मोठी आहे. पेण शहर आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत आषाढ-श्रावणात रंगाच्या फवाऱ्यांचं काम जोरात असतं. कारखान्याला लागून घर असेल तर पंप तीच हवा ओढतो. दिवाळीआधीचा ऑइलपेंट, टर्पेंटाइन, फिनेल, आणि बंद खोलीतला धूर हे त्याच जातीचे. साथीच्या दिवसांत टीसीएल पावडर टाकणाऱ्याचा हात जरा सैल सुटतो. त्या दिवशीचं नळाचं पाणी थेट टाकीत गेलं तर क्लोरीनने कल्ले भाजतात. एक दिवस उघडं ठेवलं किंवा क्लोरीन मारणारा हायपो घातला की काम भागतं, म्हणून याबद्दल अधिक लिहीत नाही.

अमोनियाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण सगळ्या वाटा शेवटी तिकडे जातात. माशाची लघवी, उरलेलं खाणं, कोपऱ्यात दडून मेलेली गोगलगाय, सगळ्यांचा अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू सेर्गेई विनोग्राड्स्कीने १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढा धीर कोणाला असतो? शनिवारी टाकी, रविवारी मासे. वर खाऱ्या पाण्याचा एक स्वतंत्र सापळा आहे. अमोनियाचं विषारी रूप सामूबरोबर वाढतं. सात सामूच्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी हजारात पाच-सहा भाग विषारी असतात, तर ८.२ सामूच्या समुद्राच्या पाण्यात शंभरात सहा-सात. म्हणजे गोल्डफिश जितक्या अमोनियात वर्षभर तगला असता, तितक्याच अमोनियात क्लाउन आठवडाभरात जातो. उलट नायट्राइटला गोड्या पाण्याचे हौशी जितके भितात तितकं इथे भिण्याचं कारण नाही. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे वापरल्याने किती मासे गेले असतील!

मेलेला मासा स्वतःही अमोनियाच असतो. म्हणून कोण मेलं यापेक्षा कोण आधी मेलं हे महत्त्वाचं. पहिला विजेअभावी गेला, तो खडकाआड राहिला, दुसरा पहिल्याच्या कुजण्याने गेला, तिसरा दुसऱ्याच्या. चौथ्या दिवशी पाणी तपासलं तर अमोनिया भरपूर सापडतो आणि निदान होतं ‘अमोनिया’. ते खरंही असतं, आणि पहिल्या माशापुरतं खोटंही.

आणि खरोखरचा रोग? असतो ना. सर्वांत जलद मारणारा अमिलूडिनियम हा सूक्ष्म परजीवी १९३१ साली ई. एम. ब्राउन यांनी नोंदवला, लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवरून. ज्या शहरात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं तिथेच तो शास्त्राला प्रथम दिसला, हे साजेसंच म्हणायचं. तो कल्ल्यांवर बसतो, अंगावर नंतर दिसतो; म्हणून संध्याकाळी छान दिसणारा मासा सकाळी मेलेला सापडतो. मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड करून थांबतो. अंधारात तिरपा टॉर्च मारला तर कातडीवर पिवळसर भुकटी चमकते. पण रोगाने मासे एकाच रात्री सगळे मरत नाहीत; एक आज, दोन परवा, असे जातात, आणि कोळंबीला काही होत नाही. आपल्या तिन्ही सकाळींशी हे कुठेच जुळत नाही. तरी दुकानातून बाटली येते ती याच रोगाची, आणि ती असते तांब्याची. टाकीत उरलीसुरली कोळंबी असेल तर तिचा निकाल मालकाच्या हातून लागतो.

एक मरण असंही असतं जे टाकीत घडतं पण टाकीचं नसतं. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळातल्या माशांना सोडियम सायनाइडने गुंगवून पकडण्याची चाल पडली. असा मासा दुकानात तगतो, घरी खातोपितो, आणि काही आठवड्यांनी पाणी उत्तम असताना मरतो. यावर मालकाकडे इलाज एकच: टाकीत पैदास झालेला मासा घेणं. क्लाउन तसा मिळतो. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांच्या पैदाशीचं काम चालतं. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. दुकानदार ‘सगळे विकतात’ म्हणाला तरी घेऊ नयेत.

मेलेल्या माशाचं काय करायचं? आपण तो संडासात टाकतो किंवा झाडाच्या मुळाशी पुरतो. निदान करायचं तर कल्ले पाहावे लागतात, आणि कोकणातल्या उकाड्यात तास-दोन तासांत कल्ल्यांवरचं काही वाचता येत नाही. मासा पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये. गोठवल्याने पेशी फुटतात. सोबत त्याच टाकीचं लिटरभर पाणी, औषध घालण्याआधीचं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ची. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. जलचरांच्या रोगांवर देशभर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३पासून चालू आहे आणि २०२३मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲपही आलं. पण ही सगळी व्यवस्था मत्स्यशेती करणाऱ्यासाठी उभी आहे आणि तसंच असायला हवं. जिताड्याच्या तळ्यावर एका कुटुंबाचं वर्ष अवलंबून असतं. चार माशांच्या हौशीने सरकारी प्रयोगशाळेचा दरवाजा ठोठावण्याआधी आपल्या घरचा पुरावा तरी नीट गोळा करावा.

तो पुरावा म्हणजे वही. मासा किती वाजता मेलेला दिसला, कोणता, आदल्या संध्याकाळी जेवला होता का, कोळंबी आणि गोगलगायी कुठे होत्या, रात्री वीज गेली होती का, कॉइल कुठल्या खोलीत होती, पाणी कुठल्या भांड्यातून घातलं. अमोनिया, सामू, खारेपणा, तापमान हे चार आकडे मासे मरायच्या आधीही आठवड्यातून एकदा लिहिलेले हवेत, नाहीतर मेल्यानंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? आणि मासा मेल्यावर पहिलं काम औषध नव्हे. मेलेला बाहेर काढायचा, वरचं पाणी ढवळतंय का पाहायचं, बाटलीभर पाणी बाजूला काढून ठेवायचं, मग आधीच कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलायचं. वर सांगितलेल्या बहुतेक विषांवर हा एकच उपाय थोडाफार चालतो, आणि निदान चुकलं तरी त्याने नुकसान होत नाही.

कागदावरची ही टाकी कोणी खरोखर मांडणार असेल, गागोद्यात, पेणला किंवा दादरच्या तिसऱ्या मजल्यावर, तर अमोनियाचं टेस्ट किट, रिफ्रॅक्टोमीटर, बॅटरीवरचा एअर पंप, झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम आणि एक दोनशे पानी वही एवढं आधी घ्या. मासे त्यानंतर दीड महिन्याने.